ठमीनं निजवलेली बाई

विमल, तुझी पोरं अजून तुझी वाट बघताहेत, आणि त्यात चूक तुझी आहे. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण जिवंतपणी तू आपलं एकही भांडण शेवटाला जाऊ दिलं नाहीस. दर वेळी एसटी यायची, नाहीतर खिचडी खाली लागायची, नाहीतर कुणाचं तरी पोर पायरीवरून गडगडायचं, आणि तू पदर खोचून चालू पडायचीस. आता कुठं जातेस? आता ऐकून घे.

तुझे दिवस झाले आणि तुझ्या अंगणवाडीची किल्ली माझ्या हातात आली. दुसरी सेविका नेमेपर्यंत माझ्या खालच्या गावाबरोबर तुझी वरची वाडीही मीच बघायची, असं ऑफिसातून सांगणं आलं. पासलीच्या पुढचा तो चढ मी आजवर तुला भेटायला चढत होते. त्या दिवशी तुझ्या जागी बसायला चढले, आणि निम्म्या वाटेत बांधावर बसून राहिले. खाचरात बायका भातातलं तण बेणत होत्या. एरवी 'बाई, च्या घिऊन जावा' म्हणणाऱ्या बायका, पण त्या दिवशी एकीनंही मान वर केली नाही.

खोली उघडली, झाडली, पोरं आली. मी वाक्य घोकूनच गेले होते. हात जोडून उभी राहिले आणि म्हटलं, "मुलांनो, विमलबाई देवाघरी गेल्या." कुणी रडलं नाही. धनगरवाड्यावरच्या एका पोरीनं विचारलं, "मंग उठनार कवा?" मला वाटलं तिला समजलं नाही, म्हणून मी पुन्हा तेच सांगितलं. तेव्हा गावठाणातल्या शोभाच्या आर्यननं मला मंद माणसाला समजवावं तसं समजावलं. "बाई, मागल्या टायमाला उठल्या व्हत्या की. जरा टाइम लागतो."

मी पोरांना खिचडी वाढली. दुसरं काय करणार होते?

तुला माहीत असलेलंच तुला पुन्हा सांगते आहे, कारण वाडीनं ते आता भलतंच करून टाकलं आहे. तू गेलीस तापानं. पण इथं म्हणतात, विमलबाईला ठमीनं निजवली.

ठमीची आई बायजा तुला आठवते तशी मलाही आठवते. कातकरवाडीतून रोज पोरीला घेऊन यायची आणि पायरीशी थबकायची. आत ये म्हटलं की हसायची आणि मागं सरायची. तुझ्याकडं मदतनिशीची जागा कायम रिकामी, आयाच पाळीपाळीनं खिचडी करायच्या. बायजाची पाळी आली की गावठाणातल्या दोघीतिघी डबा घेऊन यायला लागल्या, 'आमच्या पोराला घरचंच लागतं' म्हणून. मी तुला म्हटलं, सभा घे, चांगलं खडसाव त्यांना. तू सभा घेतली नाहीस. सगळा वर्ग उचलून बाहेर ओसरीवर आणलास, चूलही बाहेर मांडलीस. "ती आत येत न्हाई, तर आपुन भाईर जाऊ," म्हणालीस. बायजानं कुर्ल्यांचा रस्सा केला, ओढ्यातल्या त्या काळ्या कुर्ल्या. वास साऱ्या वाडीत गेला. डबेवाली पोरं डबे टाकून तिच्याभोवती बसली, आणि त्यांच्या आया दारातून बघत राहिल्या. त्यानंतर डबे आले नाहीत. मी त्या दिवशी हेवा केला तुझा. हे तुला कधी सांगितलं नाही.

मी भोर शहरातली, कारकुनाची लेक. लग्न होऊन या डोंगरात आले तेव्हा मला बांधावरून चालता येत नव्हतं. तू भोंगवलीची, सपाटीवरच्या शेतकऱ्याची. म्हणजे तूही बाहेरचीच, पण चार पावसाळे आधी आलेली, म्हणून तुला माझ्यावर दादागिरी करायचा हक्क. 'भोरकरीण' हे नाव तूच पाडलंस आणि ते ऑफिसापर्यंत पोचवलंस. पण घरभेटीला कसं जायचं ते मला ट्रेनिंगनं शिकवलं नाही, तू शिकवलंस. "घरात शिरताना आदी चुलीकडं बघ. चूल थंड असंल तर पोराचं वजन इचारू नगं. पानी माग, बस, निघून ये. दुसऱ्या दिवशी जा." आजही मी कुठल्याही घरात शिरले की नजर आधी चुलीकडे जाते. एवढं माझ्यात तुझं राहिलं आहे.

तर बायजा. दिवाळीनंतर रामा आणि ती ठमीला घेऊन कोळशाच्या भट्टीवर गेले, दर सालासारखे. परतले तेव्हा बापलेक दोघंच परतले. बायजाला काय झालं होतं, कुणी धड सांगितलं नाही. रामाला विचारलं तर तो जमिनीकडे बघायचा. ठमी पुन्हा येऊ लागली. बोलायची नाही, पण यायची. आणि मग तिनं तो खेळ सुरू केला.

एका काटकीला चिंधी गुंडाळायची, तिला जमिनीवर निजवायचं, बोटानं तिच्या तोंडात पाणी घालायचं, पानं टाकायची, भोवती फिरायचं आणि शेवटी मूठभर माती. पोरं काय, बघत बघत सामील झाली. कुणी पानं आणू लागलं, कुणी खोटंखोटं रडू लागलं. तू मला हे फोनवर सांगितलंस. मी म्हटलं, बंद कर तो खेळ, ठोकळे काढून दे. तू म्हणालीस, "तिच्या घरातलं तेवडंच ती संगती घिऊन आली हाय. ते बी काडून घिऊ?"

पुढं पोरांना काटकी पुरेना. जिवंत माणूस पाहिजे झालं. आर्यन लगेच आडवा पडला, मला निजवा, मला निजवा करत. आणि तिथं तू घाबरलीस. कुणाच्या घरचं पोर मेल्यासारखं पडलेलं त्याच्या आईनं बघितलं तर काय होईल, हे तुझ्याशिवाय कुणाला कळणार? त्याला उठवलंस आणि म्हणालीस, "पोरांनी न्हाई निजायचं. म्या निजते."

एवढी घरं ओळखणारी तू, आणि तू चटईवर आडवी झालीस. कुठल्याच घरच्या पोराच्या वाट्याला ते येऊ नये, म्हणून आपल्या वाट्याला घेतलंस. पोरांनी तुझ्या तोंडात पाणी घातलं, तेरड्याची फुलं ठेवली. ठमीनं शेवटी माती टाकली. थोडा वेळ तू डोळे मिटून पडलीस आणि मग 'भ्वाँ' करून उठलीस. पोरं किंचाळत पळाली. आणि ठमी हसली, परत आल्यापासून पहिल्यांदा. ते सांगताना तुझा आवाज कसा झाला होता, ते मला अजून ऐकू येतं.

पण खिडकीतून शोभानं ते बघितलं होतं. फुलं वाहिलेली बाई आणि तिच्या उशाशी बसलेलं स्वतःचं पोर. संध्याकाळपर्यंत सारी वाडी तुझ्या दारात. जितंपणी कुणी असलं सोंग घेतं का, अंगाव वडवून घेशीला, पोरांच्या हातनं असलं करवून घेता, लाज न्हाई वाटत? आठवडाभर गावठाणातलं एकही पोर आलं नाही.

तू माफी मागितलीस, त्यात कमीपणा मानला नाहीस. खेळ बंद केलास. आणि मग पालकसभा बोलावलीस, खास त्यासाठी. मी मुद्दाम चढून आले होते, तुझी फजिती बघायला म्हण हवं तर. तू सगळ्यांना एकच विचारलंस. "तुमच्या घरात मानूस गेलं तर पोराला काय सांगता? खरं सांगा, कुनी कुनाला हसायचं न्हाई."

मग शोभाच म्हणाली, "आमी म्हंतो, आजी मामाच्या गावाला गेली. इसरतंय मग पोर." कुणी म्हणालं देवाघरी. कुणी म्हणालं चांदणी झाली. धनगरवाड्यावरचे धोंडीबा कोपऱ्यात काठी धरून बसले होते. ते म्हणाले, "आमी काय सांगत न्हाई. वासरू मरतं, पोर बघतंय. म्हस वरडत ऱ्हाती, ते बी ऐकतंय. सांगायचं काय त्यात?" रामा ओसरीच्या कडेला उभा होता. तू त्यालाही विचारलंस, सगळ्यांदेखत, त्याच मानानं. तो म्हणाला, "आमच्यात दावत्यात, बाई. पोराच्या हातनं माती टाकाया लावत्यात. म्हंजी ते मग वाट बघत न्हाई." आणि पुढं म्हणाला, "ठमीच्या आयेच्या टायमाला ते झालं न्हाई. भट्टीवर मुकादमानं घाई केली. पोर झोपलीवती."

शोभानं डोळ्याला पदर लावला होता. मी बघितलं ते. म्हणून तिच्याबद्दल पुढं जे सांगणार आहे, ते सांगताना हेही सांगते.

आपलं खरं भांडण त्यानंतरचं. ट्रेनिंगहून परतताना कापूरहोळला एसटीची वाट बघत उभ्या होतो. शेजारी गॅरेजात कुणी पत्रा ठोकत होतं, म्हणून आपण ओरडून बोलत होतो. मी म्हणत होते, घराघरातलं ज्याचं त्याच्या घरी. अंगणवाडीत सगळ्या पोरांना एकच सांगायचं, सोपं आणि गोड. तू म्हणालीस, "येकच म्हंजी कुनाचं? तुजं? भोरचं?" मी चिडले. मी म्हटलं, ठीक आहे, माझं नको. पण तू त्यांना खोटं शिकवलंस त्याचं काय? मेलेलं माणूस उठत नाही, विमल. तू उठलीस. निजलीस ते एक वेळ सोड, पण उठलीस तिथं चुकलीस.

"मंग काय, म्या पडूनच ऱ्हायाचं व्हतं?" तू इतक्या मोठ्यानं ओरडलीस की पत्रा ठोकणारा थांबून बघायला लागला. मग तुला हसू फुटलं, मला फुटलं, आणि एसटी आली. भांडण तिथंच राहिलं, कापूरहोळच्या फाट्यावर.

आता ते कुणाशी पुरं करू?

तुझ्यावर मला राग आहे, तो दुसऱ्याच गोष्टीचा. ताप अंगावर काढू नका, टाचेला भेग असेल तर चिखलात उतरू नका, हे घरोघर सांगत फिरणारी तू. आणि स्वतः लावणीत तशीच भेगाळलेल्या टाचेनं राबलीस. ताप आला तर गोळी गिळून पुन्हा खाचरात. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी फोन केला की 'उद्या जाते दवाखान्यात'. शेवटी डोळे पिवळे झाले तेव्हा जीपमध्ये घातलं. मी शेजारी बसले होते. नसरापूर मागं पडलं तेव्हा तू म्हणालीस, "खिडकी लाव, वारं लागतंय." मी लावली. त्यानंतर तू माझ्याशी काही बोलली नाहीस. मीही नाही. तुझ्यावाचून मला इथं कुणी नाही, एवढं एक वाक्य होतं माझ्याकडे. पुण्यापर्यंतच्या रस्त्यात ते मला उच्चारता आलं नाही.

तुला अग्नी दिला तेव्हा रामा लांब बांधावर उभा होता, ठमीला खांद्यावर घेऊन. त्यांच्यात दाखवतात ना, म्हणून त्यानं तिला आणली असणार. कुणीतरी जाऊन त्याला सांगितलं, पोरीला घेऊन जा हितनं. काय शब्दात सांगितलं मला ऐकू आलं नाही. तो वळला आणि गेला. ठमी त्याच्या खांद्यावरून मागं बघत होती. मला तेव्हाच उठून जायला हवं होतं, पण मी तुझ्याकडे बघत होते.

तेराव्यापर्यंत सारं ठरून गेलं होतं. पोरीनं निजवली, वरीस फिरलं न्हाई तर बाई गेली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, पण ते सांगणार कुणाला? हे बोलणारी माणसं वाईट नाहीत, विमल, हेच तर दुखतं. तुझ्या आजारपणात शोभानं तुझे पाय चेपले आहेत. आणि तीच, मला किल्ली मिळाली त्या दिवशी, ओसरीवर गाठून म्हणाली, "बाई, ती कातकऱ्याची पोर यील तर आमची पोरं न्हाई यायची. समद्यांचं ठरलंय."

मी म्हटलं, "शोभा, तू शिकलेली आहेस. विमल तापानं गेली."

"मला कळतंय वो," ती म्हणाली. "पर आमच्या आर्यननं बी फूल ठिवलं व्हतं त्यांच्या अंगाव. त्यानं बी पानी पाजलं. म्या बगितलंय. मंग म्या काय समजू?"

तेव्हा मला उमगलं. ठमीचं नाव घेतलं नाही तर तिला स्वतःच्या पोराचं घ्यावं लागलं असतं. वड्याचं तेल वांग्यावर काढायला कातकरवाडी नेहमीच जवळ असते.

मी काय करावं? तू असतीस तर पुन्हा सगळ्यांना बोलावून प्रश्न विचारला असतास. मला तुझ्यासारखं विचारता येत नाही. मला सांगता येतं, रागावता येतं. पण ठमी घरी राहिली की ती कायमची राहणार, हे मला दिसत होतं. पुढच्या साली शाळा. शाळेतही हीच पोरं, याच आया. पाच वर्षांची पोर आणि तिच्या कपाळावर बाई मारल्याचा डाग.

मग मी कातकरवाडीत गेले. रामाच्या झोपडीत शिरताना चुलीकडं बघितलं. चूल पेटलेली होती, म्हणून बोलले. ठमी कुडाला टेकून बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. रामा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या घरीच, बाई. तुमाला कशाला तरास? आमाला सवय हाय."

मी त्याला विचारलं, "रामा, पोरांना मी काय सांगू? ती वाट बघताहेत. विमलबाई उठणार म्हणतात."

त्यानं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाला, "ज्याच्या त्याच्या घरच्यानं सांगावं. मानूस आपल्या मानसाचंच ऐकतं." विमल, सभेत तू त्याला विचारलं होतंस, म्हणून तो हे माझ्यापाशी बोलू शकला. आधी कुणी कधी विचारलं होतं त्याला?

मी घरोघर फिरले. प्रत्येकाला सांगितलं, उद्या पोराला घेऊन या आणि तुम्हीही बसा. विमलबाई गेल्या हे मी सांगणार नाही. तुमच्या पोराला तुम्ही सांगा, तुमच्या घरात जसं सांगता तसं. फक्त मामाच्या गावाला गेली म्हणू नका, आणि उठेल म्हणू नका. एवढंच मागते. शोभानं दार अर्धं लावून ऐकलं आणि म्हणाली, बघू.

ते आज झालं, म्हणून आज लिहिते आहे.

सगळी आली. शोभाही आली, आर्यनला कडेवर घेऊन. एवढा मोठा घोडा, पण कडेवर. खोलीत जागा पुरेना. प्रत्येकीनं आपलं पोर मांडीवर घेतलं आणि कानाशी लागून बोलायला सुरुवात केली. मी फळ्याशी उभी होते, ऐकू येऊ नये म्हणून उगाच खिडकीबाहेर बघत. तरी येत होतंच. देवाघरी. राख झाली. आता न्हाई यायच्या. धोंडीबांनी नातीला एवढंच सांगितलं, "आपली कपिली गाय गेली तशी. कळलं?" आणि ती म्हणाली, "व्हय."

रामा आला होता. पण ओसरीवर, कडेला, आणि ठमी त्याच्या पायाशी. आत ये म्हणायला मी तोंड उघडलं आणि शोभाकडं बघितलं. शोभानं आर्यनला अजूनच घट्ट धरलं. मी तशीच उभी राहिले. तुझ्यासारखा सगळा वर्ग उचलून बाहेर न्यायचं बळ माझ्यात नव्हतं.

तेवढ्यात आर्यन आईच्या हातातून सुटला. सरळ ओसरीवर गेला आणि ठमीसमोर उभा राहून म्हणाला, "तू निजवलीस नव्हं? तूच उठव की."

त्यात त्याचा राग नव्हता. तो विनवत होता. साऱ्या पोरांत जिला तो खेळ सगळ्यात चांगला येतो, तिला तो सांगत होता. ठमीनं त्याच्याकडं बघितलं आणि मान हलवली. "न्हाई उठत," ती म्हणाली. "खरंखुरं मेल्याव न्हाई उठत."

आर्यन तसाच उभा राहिला. मग भोकाड पसरून आईकडे पळाला.

मी बाहेर गेले. ठमीशेजारी बसले, जमिनीवर. मी म्हटलं, "ठमे, बाई तापानं गेल्या. चिखलातला ताप होता. तू निजवलंस म्हणून नाही. खेळानं कुणी मरत नाही." माझा आवाज मुद्दाम मोठा ठेवला होता, आत जावा म्हणून. खरं सांगते, मी ते अर्धं तिच्यासाठी आणि अर्धं शोभासाठी बोलत होते.

ती मातीत बोट ओढत होती. मला वाटलं ऐकलंच नाही. मग ती खालीच बघत म्हणाली, "आय म्हनली व्हती, माज्या अंगाव पडू नगं. म्या पडले व्हते. तिच्या अंगाव झोपले व्हते."

विमल, आपल्याला माहीत नव्हतं गं. तुलाही नव्हतं. ती पोर तुझ्यासमोर आई निजवत होती, पाणी पाजत होती, आणि आपण दोघी कापूरहोळला उभ्या राहून तू उठलीस ते बरोबर की चूक यावर भांडत होतो. मी आजही म्हणते, तू उठलीस ती चूक. पण तिनं निजवलेलं एक माणूस तरी उठून बसलं होतं, म्हणून ती हसली होती. ही दोन्ही मला एका ठिकाणी ठेवता येत नाहीत.

बायजा कशानं गेली ते मला ठाऊक नाही, आणि तिच्या लेकीला खोटं सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी रामाकडं बघितलं. तो नेहमीसारखा जमिनीकडं बघत उभा होता. मग त्यानं टोपी काढली आणि उकिडवा बसला, तिच्या तोंडाला तोंड येईल असा.

"आयेला बी तापच व्हता," तो म्हणाला. "हुडहुडी भरली व्हती तिला. अंगाव घालाया काय नव्हतं. तू अंगाव निजलीस म्हनून तिला ऊब व्हती, पोरी. तुज्यामुळं न्हाई गेली. तू व्हतीस म्हनून रातभर निभावलं."

हे त्यानं आजवर कुणालाच सांगितलं नसणार.

ठमी आधी नुसती बघत राहिली. मग रडायला लागली. वर्षभर साठलेलं रडू म्हणजे काय असतं ते मी आज ऐकलं. ते ऐकून आत आर्यन पुन्हा रडला, धोंडीबांची नात रडली, एकेक करत सगळी पोरं रडायला लागली. त्यांना कळलं, विमल. तू येणार नाहीस हे त्यांना आता कळलं. शोभा आर्यनला घेऊन दारापर्यंत आली, ठमीकडं बघत उंबऱ्यात उभी राहिली. बाहेर आली नाही, आणि निघूनही गेली नाही.

आणि तुझ्या त्या भरलेल्या खोलीत कुणीच कुणाला उगी उगी म्हटलं नाही.